मडक्यातला सिकंदर

उद्या म्युझियमची बाई तपासणीला येणार, तेव्हा आज सिकंदराला एकदा डोळे भरून पाहून घ्यावं, एवढंच शिनासी बेंच्या मनात आलं. यात वावगं काहीच नव्हतं. (वावगं काहीच नाही अशी खात्री पटली की शिनासी बेंना हटकून धास्ती वाटू लागे, पण ते असो.) त्यांनी नाण्यांच्या कपाटाचा वरचा खण ओढला, कोपऱ्यातल्या खाचेतलं नाणं उचलून तळहातावर घेतलं, चष्मा कपाळावर सारून ते डोळ्यांजवळ नेलं, आणि नेमकी दारावरची घंटा वाजली.

शिनासी बेंची (बे म्हणजे आपल्याकडचं 'राव') हयात इझमीरच्या विद्यापीठात इमारतींचे पाये शिकवण्यात गेली होती. परदेशी पदव्या दोन, भिंतीवर मानपत्रं तीन, आणि स्वतःच्या मतावर भरवसा शून्य. 'होजा, आमच्या घराचा पाया पक्का आहे ना?' असं गल्लीतल्या कुणी या गुरुजींना विचारलं, तर ते बराच वेळ जमिनीकडे बघत आणि म्हणत, "आजच्या घडीला, माझ्या समजुतीप्रमाणे, शक्यतो." विचारणारा त्या रात्री बायकामुलांसकट सासुरवाडीला झोपायला जाई.

अशा माणसाने एकच गोष्ट खात्रीने केली होती, ती म्हणजे नाणी जमवणं. तीही चोरून नव्हे. रीतसर परवाना, प्रत्येक नाण्याची म्युझियमकडे नोंद, आणि वर्षातून एकदा तपासणी. नाणी घरात असली तरी ती सगळ्या देशाची; आपण फक्त त्यांचे राखणदार, हे शिनासी बेंना मनापासून मान्य होतं. एक जरी नाणं जागेवर सापडलं नाही, तर परवाना जाणार, आणि उरलेली सगळी नाणी एका खोक्यात भरून म्युझियमचे लोक घेऊन जाणार. या खोक्याची त्यांना स्वप्नं पडत. स्वप्नातल्या खोक्याला बूडही नसे.

त्या सगळ्यांत लाडकं नाणं हे सिकंदराचं. इझमीरचं नाव स्मर्ना होतं आणि रोमवर फिलिप नावाचा सम्राट होता, तेव्हा गावाने स्वतःच्या टाकसाळीत पाडलेलं. एका बाजूला फिलिपचं डोकं. दुसऱ्या बाजूला चिनाराच्या झाडाखाली झोपलेला सिकंदर, आणि त्याच्या उशाशी उभ्या दोन देव्या. दोघींचंही नाव नेमेसिस. ज्याच्या त्याच्या करणीचं माप ज्याच्या त्याच्या पदरात घालणं, हे त्यांचं काम. बाकीच्या गावांचं एका नेमेसिसवर भागलं. स्मर्नाला दोन लागल्या. गोष्ट अशी की सिकंदर शिकारीहून दमून झाडाखाली आडवा झाला, आणि दोघींनी स्वप्नात येऊन त्याला सांगितलं की उठल्यावर इथे एक गाव वसव.

"म्हणजे बाप्या जरा लवंडला की बायकांना कामं आठवतात, हे जुनंच आहे," असं शिनासी बे एकदा म्हणून गेले होते. त्यावर त्यांच्या पत्नी बेल्कीस हानिम (बाप्यांना बे, तसं बायकांना हानिम) म्हणाल्या होत्या, "दोघी उभ्या राहिल्या म्हणून तर गाव झालं. नाहीतर अजून घोरत पडला असता." त्यानंतर शिनासी बेंनी तो विनोद पुन्हा केला नाही.

तर घंटा वाजली. त्या वेळी त्यांच्या उजव्या हातात सिकंदर होता आणि डाव्या हातात लोकरीच्या कोटाचं तुटलेलं तपकिरी बटण. ते बटण स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याजवळच्या बशीत ठेवा, म्हणजे मी शिवीन, असं बेल्कीस हानिम सकाळपासून सांगत होत्या. शिनासी बेंनी मनाशी घोकलं, नाणं खणात, बटण बशीत. नाणं खणात, बटण बशीत. मग एक वस्तू खणात ठेवली, खण लोटला, दुसरी बशीत ठेवली आणि दार उघडलं. दारात त्यांची मेव्हणी मुअल्ला उभी होती. आयदिनहून सणाला आली होती, अंजिरांची पिशवी आणि आवाज घेऊन.

सण हिदिरेल्लेझचा. वसंत संपून उन्हाळा लागतो त्या रात्री हिझीर बाबा गुलाबाच्या झाडापाशी येऊन जातो, आणि तिथे मागितलेलं देतो. इमारतीच्या मागच्या अंगणात सबिहा आजींचा जुना गुलाब होता. त्याच्या फांद्यांना चिंध्या बांधायच्या, खाली खड्यांची घरं मांडायची, आणि बायकांनी आपापली एकेक वस्तू पाण्याने भरलेल्या मडक्यात टाकायची. अंगठी, किल्ली, टाचणी, जे असेल ते. मडक्यावर लाल फडकं, फडक्यावर साखळी, साखळीला कुलूप. रात्रभर मडकं गुलाबाखाली. सकाळी कुलूप उघडायचं, एकेक चारोळी म्हणायची आणि एकेक वस्तू काढायची. ज्याची वस्तू, त्याचं ते भविष्य. शिनासी बेंचा यावर विश्वास नव्हता. (शक्यतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोयोझचा, म्हणजे पापुद्र्याच्या पावाचा, कुरकुरीत तुकडा मोडत चहाला बसले होते. बेल्कीस हानिम पाहुणीसाठी चांगले पेले काढायला दिवाणखान्यात गेल्या होत्या. मुअल्ला अंडं सोलत होती.

"भावोजी, तुमच्या नावाचंही टाकलंय हं मडक्यात," ती म्हणाली. "घरातला एक माणूस नशिबाविना राहायला नको."

"काय टाकलंत?"

"बटण. बशीतलं."

बटणच ना. शिनासी बेंनी उदारपणे मान हलवली आणि बोयोझ तोंडात घातला.

"पण कसलं हो ते बटण?" मुअल्लाने अंड्यावर मीठ भुरभुरवलं. "भोकंच नाहीत त्याला. आणि वर चित्र काय, तर एक गडी झाडाखाली लोळतोय आणि दोन बायका डोक्याशी उभ्या. मला वाटलं, ताईने तुमच्यासाठी मुद्दाम करून घेतलं की काय."

बोयोझ घशात जिथे होता तिथेच थांबला. शिनासी बेंना ठसका लागला, मुअल्लाने त्यांच्या पाठीत तीन रपाटे घातले, आणि त्या रपाट्यांच्या तालावर त्यांना सगळं दिसू लागलं. काशाचं नाणं. रात्रभर पाण्यात. अंगठ्या, किल्ल्या आणि कुणाच्या तरी गंजक्या टाचणीच्या शेजारी. काशाला ओल लागली की हिरवी भुकटी धरते, आणि एकदा धरली की नाणं आतून पोखरत जातं. अठराशे वर्षं भूकंपांत टिकलेला सिकंदर साखरेच्या डब्याजवळून थेट मडक्यात.

आणि म्युझियमच्या तुलिन हानिम थोड्याच वेळात येणार.

खण उघडून बघावा असं त्यांना एकदाही वाटलं नाही. रिकामी खाच बघायची छातीच झाली नाही. नाणं बशीत गेलंच कसं, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर फार लांब शोधावं लागलं नाही. उत्तर समोर बसून अंडं खात होतं. हिचीच काहीतरी उचलाउचल. मुअल्ला आली की घरातली प्रत्येक वस्तू आपली जागा सोडते, हे त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं.

"ताईला यातलं काही बोलू नका," ते कुजबुजले.

"बटणाचं?"

"बटणाचं."

मुअल्लाने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. बेल्कीस हानिमना कळू देणं शक्यच नव्हतं. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या माणसाच्या हाती सरकार देशाचा ठेवा देतंच कसं, हे त्या परवाना मिळाला त्या दिवसापासून विचारत होत्या. पेले घेऊन त्या आत आल्या, आणि नवऱ्याच्या उघड्या कोटाकडे बघून म्हणाल्या, "बटण कुठाय? बशीत तर नाही. त्या बाईसमोर असे जाणार?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी कोटाला सेफ्टी पिन लावून टाकली. पिन थोडी टोचत होती. आज टोचणं रास्तच, असं शिनासी बेंना वाटलं.

अंगणात सबिहा आजी मडक्याशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. कुलपाची किल्ली त्यांच्या गळ्यात. त्यांनी दोन नवरे, तीन घरमालक आणि एक मोठा भूकंप पचवला होता. शिनासी बेंनी आवाजात शक्य तेवढा सहजपणा आणून विचारलं की मडकं जरा आधी उघडता येईल का.

"नाही."

"क्षणभरच."

"चारोळीआधी उघडलं की सगळ्यांचं नशीब आत कोंडतं. मागे एकदा एकीने घाई केली. वर्षभर गल्लीत एक साखरपुडा झाला नाही, आणि झालेला मोडला." आजींनी डोळे बारीक केले. "पण तुला रे कसली घाई? तू तर मागे म्हणाला होतास, या सगळ्याला पुरावा नाही."

चोराच्या मनात चांदणं. शिनासी बे गोरेमोरे झाले आणि तोंडाला येईल ते बोलून गेले, की आपल्यालाही काहीतरी मागायचं आहे.

"काय मागणार?"

"घर," ते म्हणाले. दुसरं काही सुचेना.

"मग मांड. तिथे खडे आहेत."

आणि पायांचे प्राध्यापक शिनासी बे गुलाबाखाली उकिडवे बसून खड्यांचं घर मांडू लागले. एक डोळा मडक्याच्या कुलपावर, एक फाटकावर. भिंती उभ्या राहिल्या. छप्पर म्हणून त्यांनी एक चपटी कपरी वर ठेवली, आणि घर बसलं. शेजारी कुणीतरी मांडलेलं तिमजली घर दिमाखात उभं होतं. आजींनी दोन्हीकडे पाहिलं.

"तू हेच शिकवायचास ना रे?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. तुलिन हानिम ठरल्या वेळेच्या आधीच आल्या होत्या. सडपातळ, करडा कोट, काखेत फाइल. म्युझियममधला नाण्यांचा विभाग त्या एकट्या सांभाळत, आणि कमी बोलत. शिनासी बे धडपडत उठले आणि त्यांना वर, घरात, अंगणापासून होईल तितक्या लांब नेण्यासाठी पुढे झाले. पण वर जाऊन तरी काय? वर खाच रिकामी. खाली मडकं भरलेलं. आगीतून उठावं आणि फुफाट्यात बसावं, तर फुफाट्यातही जागा नाही.

त्यांना निर्णय घ्यावाच लागला नाही. एव्हाना बायका जमल्या होत्या, आणि सबिहा आजींपुढे एक अडचण होती. मडक्यात हात घालायला आईची पहिली, बिनलग्नाची लेक लागते. गल्लीतल्या सगळ्या तशा लेकी एकेक करून सासरी गेल्या होत्या. आजींनी पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरी, आईचं पहिलं तू का?"

"हो," तुलिन हानिम म्हणाल्या.

"लग्न?"

"नाही."

"देव पावला. बस इथे."

शिनासी बे म्हणाले की बाई सरकारी कामावर आहेत, त्यांचा वेळ मोलाचा आहे, हे काही बरं दिसत नाही. तुलिन हानिमनी फाइल बेल्कीस हानिमच्या हाती दिली. "माझी आजी मानिसा गावात हे करायची," त्या म्हणाल्या, आणि कोटाच्या बाह्या वर सारून मडक्यापुढे बसल्या. बायकांनी त्यांच्या डोक्यावर लाल ओढणी घातली. ज्या बाईपासून नाणं लपवायचं, तीच आता त्या नाण्यासाठी मडक्यात हात घालणार होती. शिनासी बेंना वाटलं, आपणच झाडाखाली झोपलो आहोत आणि हे स्वप्न आहे. त्यांनी सेफ्टी पिन चाचपली. टोचली. स्वप्न नव्हतं.

कुलूप निघालं. आजींनी पहिली चारोळी म्हटली:

"चुलीवर दूध उतू गेलं,
मांजर येऊन पिऊन गेलं,
घरचा मालक शहाणा फार,
चष्मा शोधत वय गेलं."

ओढणीखालून हात आत गेला आणि बेल्कीस हानिमचं अंगुस्तान घेऊन वर आला. बायका हसून लोटपोट झाल्या. शिनासी बेही हसले, कारण आपल्या तोंडाने दुसरं काय करावं ते त्यांना समजेना. मग कुणाची अंगठी निघाली, कुणाचं कानातलं, मुअल्लाची सुटकेसची किल्ली. प्रत्येक वेळी हात आत जाई आणि शिनासी बेंचा श्वास आत जाई. हात बाहेर येई. श्वास येईलच असं नव्हतं. मडक्यात थोडंच उरलं, तेव्हा आजींनी घसा साफ केला. ही खास चारोळी होती.

"अंजिराला फुटला पाला,
वेशीपाशी घोडा आला,
सावर गं तू ओढणी पोरी,
उचलून न्यायचा दिवस झाला."

हात आत गेला आणि थांबला.

सगळं आयुष्य नाणी हाताळण्यात गेलेल्या त्या बोटांना पाण्याखालीही कळलं होतं. हात हळूच वर आला. तुलिन हानिमनी दुसऱ्या हाताने ओढणी एका डोळ्यावरून बाजूला केली आणि तळहाताकडे पाहिलं. पाण्याने न्हालेला सिकंदर उन्हात चमकत होता आणि अजूनही झोपलेला होता.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

शिनासी बेंच्या डोक्यात सगळे हिशेब एकदम सुरू झाले. माझं म्हणावं, तर देशाचा ठेवा रात्रभर मडक्यात बुडवला, परवाना गेला. माझं नाही म्हणावं, तर ते बेवारशी ठरून इथूनच म्युझियममध्ये जाणार, आणि वर रिकामी खाच आहेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"अहो, ते भावोजींचं बटण आहे," मुअल्लाने मदत केली.

तुलिन हानिमचा उघडा डोळा शिनासी बेंवर आला. "बटण आहे हे?"

ही तिसरी वाट होती, आणि ती सोपी होती. नुसतं हो म्हणायचं. म्हातारा जरा चळलाय असं ती बाई समजली असती, आणि तसं समजायला पुरावा भरपूर होता. शिनासी बेंनी त्या तळहाताकडे पाहिलं. तिथे दोघी देव्या उभ्या होत्या, हातात माप घेऊन.

"नाही," ते म्हणाले. "नाणं आहे. स्मर्नाचं, फिलिपच्या काळातलं. माझं आहे."

या वाक्यात एकही 'शक्यतो' नव्हता. बेल्कीस हानिमनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नात होकार देतानासुद्धा त्यांनी एक घातला होता.

"तुझं?" सबिहा आजी म्हणाल्या. "म्हणजे घोडा तुला न्यायला येणार? त्या नवऱ्या मुलाचे डोळे तपासून घ्या गं कुणीतरी."

हसण्याच्या त्या लाटेत तुलिन हानिमनी ओढणी उतरवली, नाणं स्वतःच्या रुमालात गुंडाळलं आणि शांतपणे म्हणाल्या, "वर जाऊ या. याचं घर बघू."

जिन्यात शिनासी बेंना खऱ्याचा जोर चढला होता. एकदा खरं बोलल्यावर आणखी थोडं बोलायला हरकत नव्हती. त्यांनी सांगितलं की आपण स्वतः नाणं अगदी जपून, घोकून, खणात ठेवलं होतं. पण घरात पाहुणे असले की वस्तू जागच्या हलतात. कुणाचं नाव घ्यायचं नाही. काही माणसांना प्रत्येक गोष्ट उचलायची सवय असते. मागून येणाऱ्या मुअल्लाने विचारलं की त्या काही माणसांनी कपाटाला हात तरी लावला होता का. शिनासी बे म्हणाले, रिकामी खाच खोटं बोलत नसते. आणि त्यांनी ऐटीत वरचा खण ओढला.

खाच रिकामी नव्हती.

कोपऱ्यात, हिरव्या मखमलीवर, 'स्मर्ना, सम्राट फिलिप' अशा सुबक अक्षरांतल्या चिठ्ठीशेजारी, चार भोकांचं तपकिरी बटण होतं.

तुलिन हानिमनी भिंग काढलं आणि वाकून बटण पाहिलं. का पाहिलं कुणास ठाऊक; बहुधा सवयीने. "याची नोंद आमच्याकडे नाही," त्या म्हणाल्या.

"काखेत कळसा," मुअल्ला म्हणाली, आणि उरलेली म्हण तिने मोठ्या मनाने गिळली.

"बटण सापडलं," बेल्कीस हानिम म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या. शिनासी बेंना यापेक्षा खोकं परवडलं असतं.

ते खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले की आता परवाना घ्या. माझ्यासारख्या माणसाकडे हे असू नये, हे मला पहिल्यापासून वाटत होतं, आता निदान पुरावा आहे. तुलिन हानिमनी बाकीचे खण तपासले. प्रत्येक नाणं जागेवर, कोरडं, पुसलेलं. बराच वेळ त्या लिहीत राहिल्या.

"खाली बटण म्हणाला असतात तर परवाना आत्ता घेतला असता," त्या शेवटी म्हणाल्या. "नाणी राहतील. हे एक मात्र मला न्यावं लागेल. प्रयोगशाळेत वाळवतील, भुकटी धरतेय का बघतील."

"परत येईल?"

"येईल."

"कधी?"

तुलिन हानिमनी विचार केला. "शक्यतो लवकर."

त्या शब्दाची खोली त्या गल्लीत एकाच माणसाला ठाऊक होती. त्याने मान खाली घातली.

सिकंदर निघाला. बायका फाटकापर्यंत गेल्या. चारोळी इतक्या लवकर खरी ठरलेली कुणी पाहिली नव्हती. उचलून न्यायचा दिवस झाला तो शिनासी बेंचा नव्हे, नाण्याचा, आणि घोड्याऐवजी म्युझियमची पांढरी मोटार आली होती, इतकंच. मोटार सुरू झाली आणि सबिहा आजींनी रिवाजाप्रमाणे मडक्यातलं उरलेलं पाणी तिच्यामागे ओतायला उचललं. पाण्यासारखं जा, पाण्यासारखं परत ये.

"आजी, पाणी नको," शिनासी बे धावले. "त्याला आणखी पाणी नको."

मोटार केव्हाच वळणावर गेली होती. मध्ये आलेले शिनासी बे मात्र सेफ्टी पिनेपासून चपलांपर्यंत भिजले.

संध्याकाळी उचलून नेलेल्या नवरीचं, म्हणजे नाण्याचं, माहेर बघायला म्हणून गल्लीतल्या बायका वर आल्या. शिनासी बे कोरडा कोट घालून कोपऱ्यात बसून राहिले, तेव्हा बेल्कीस हानिमनीच खण उघडून दाखवले. हे एफेससचं, यावर मधमाशी. हे पेर्गामोनचं, यावर साप. ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ होतं. सगळ्यात शेवटी त्या कोपऱ्यातल्या खाचेपाशी आल्या. तिथलं बटण त्यांनी काढू दिलं नव्हतं.

"आणि हे," त्या म्हणाल्या, "यांनी स्वतःच्या हातांनी, अगदी खात्रीने जागेवर ठेवलेलं आहे."